नाकाला जेवढं कळतं

स्कल्पिन कोव्हच्या मासळी कारखान्यात ड्युल्सी पेनीच्या नाकाशी कुणी वाद घालत नसे. बोट धक्क्याला लागली की पहिली पेटी उघडायची, वरचा बर्फ बाजूला सारायचा, वाकून एक खोल श्वास घ्यायचा, हे तिचं काम. ताज्या खेकड्याला समुद्राचा वास येतो, बाकी कशाचा नाही. शिळ्या मालाच्या वासाच्या तिच्याकडे चार पायऱ्या होत्या, आणि इतरांना चौथी जाणवायची तोवर तिला पहिलीच कळून गेलेली असायची. सतरा वर्षं ती हे करत होती. बोटवाले तिच्या पाठीमागे तिला शिकारी कुत्रं म्हणत आणि तोंडावर म्हणत, "ड्युल्सी, बाई माझे, परत एकदा हुंगून बघ ना."

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात एक दिवस गाडीत बसल्यावर तो वास तिला स्वतःच्याच अंगाला आला. पहिला संशय कामावरच गेला. हंगामात गावात कुणाच्या अंगाला वास नसतो? मागच्या दारी बूट काढायचे, कपडे तिथंच बादलीत टाकायचे, मग घरात शिरायचं, हा घरोघरचा रिवाज. तिनं कपडे दोनदा धुतले, सीटचं कव्हर धुतलं, केस लिंबाच्या शांपूनं धुतले.

मे महिन्याच्या मध्यात वारा ईशान्येचा झाला आणि फुटलेला बर्फ पुन्हा खाडीत येऊन बसला. बोटी अडकल्या, कारखाना नऊ दिवस बंद राहिला. नऊ दिवस तिनं खेकडा डोळ्यांनी पाहिला नाही. वास जागच्या जागी होता. चड्डीवर पातळ, करड्या झाकेचा डाग असे, रोजच. खाज नाही, आग नाही, दुखणं नाही. वास तेवढा होता, आणि तो तिचा स्वतःचा होता.

अंगावरून जाणं तिला काही नवं नव्हतं. तेराव्या वर्षापासून ती ते ओळखत होती. महिन्याच्या मध्याला अंड्यातल्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखं, तार धरणारं. पाळीच्या आधी दाटसर. त्याला वास असलाच तर किंचित आंबूस, आणि त्याचा तिला कधी त्रास वाटला नव्हता. एकोणचाळिसाव्या वर्षी आपल्या शरीराचं वेळापत्रक बाईला पाठ असतं. हे त्या वेळापत्रकात नव्हतं.

कारखान्याचा नियम एका ओळीत मावणारा होता. वास आला म्हणजे कुठं तरी घाण राहिली, आणि घाण राहिली म्हणजे धुवायचं. आधी पाइपाचं पाणी, मग साबणाचा फेस, मग जंतुनाशक, मग पुन्हा पाणी. टेबलावर काही जिवंत उरता कामा नये. कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या पोरीला हे तीच शिकवायची. तेव्हा तिनं घरीही तेच केलं. दुकानातून तोटीचा रबरी फुगा आणला आणि पाण्यात व्हिनेगर घालून सकाळ-संध्याकाळ आतून धुवायला सुरुवात केली. व्हिनेगर का, तेही तिला माहीत होतं. मासळीवर लिंबू पिळलं की वास बसतो. हाही बसला, तीन तास. मग पहिल्यापेक्षा वरचढ होऊन उठला. ती दिवसातून तीनदा धुवू लागली.

मग चाळीस किलोमीटरवरच्या औषधांच्या दुकानात गेली, गावातलं कुणी भेटू नये म्हणून. तिथं बुरशीवरची क्रीम मिळाली, तीन दिवसांची. ती संपली तेव्हा सात दिवसांची आणली. काही फरक पडला नाही.

जेवणाच्या सुट्टीत तिच्यासमोर बर्निस बसायची. खेकड्याचे पाय फोडायला तिच्याइतका वेगवान हात कारखान्यात दुसरा नव्हता, आणि जीभ त्याहून वेगवान. त्या आठवड्यात बर्निसच्या तोंडी पलीकडच्या गावातल्या एका बाईची कथा होती. तिचा नवरा आणि ड्युल्सीचा नवरा हेडली, दोघंही देशाच्या दुसऱ्या टोकाला, अल्बर्टातल्या तेलाच्या कामावर. वीस दिवस तिकडं कँपात, दहा दिवस घरी.

"पगाराबरोबर बक्षीसही घेऊन आला म्हणे," बर्निस पावाचा तुकडा चहात बुडवत म्हणाली. "बिचारी तीन महिने क्रीम लावत बसली. शेवटी डॉक्टरनं सांगितलं, बाई, हे तुझ्या घरचं नव्हे."

"तुला कोणी सांगितलं हे?"

"मला कोणी सांगावं लागतं का? तुझा हेडली कधी येतोय?"

"गुरुवारी."

"मग काय, साजरा कर. तोंड का पाडलंयस?"

ड्युल्सीनं डबा बंद केला. तारखा तिच्या डोक्यात आधीपासून होत्या, आता त्या रांगेत उभ्या राहिल्या. हेडली एप्रिलच्या विसाव्या तारखेला आला होता. तो आला, दोघं जवळ आली, आणि त्याच रात्री वास पहिल्यांदा नीट जाणवला. तो गेल्यावर जरा कमी झाला. मेमध्ये तो पुन्हा आला तेव्हा पहिल्याच रात्रीनंतर एवढा वाढला, की उरलेले नऊ दिवस ती पाठदुखीचं निमित्त करून मुलीच्या खोलीत झोपली. मुलगी सेंट जॉन्स शहरात शिकायला होती, खोली रिकामीच होती. जाताना हेडलीनं पिशवी खांद्याला लावली आणि दारात थांबून विचारलं, "मी काही केलं का?"

"नाही रे. पाठ दुखतेय."

तो बरं म्हणाला आणि गेला. त्या 'बरं'चा अर्थ ती तेव्हापासून लावत होती. आता तिला वाटलं, लागला. चोराच्या मनात चांदणं. त्यानं आपणहून तसं विचारलंच का? गुरुवारी विमानतळावरून घरी येताना गाडीतच त्याला विचारायचं, ती कोण आहे, असं तिनं ठरवलं. वाक्यही तयार झालं. वीस वर्षांचा संसार त्या वाक्यापुढं उरला असता की नाही, हे तिला सांगता आलं नसतं.

तिला अडवलं ते सायलसकाकाच्या बोटीनं.

अकरा वर्षांपूर्वी तिनं त्याची अख्खी बोट परत पाठवली होती. पहिल्या पेटीवर वाकली आणि तिसऱ्या पायरीचा वास आला, म्हणून मान वळवली. म्हातारा धक्क्यावर उभा राहून शपथा घेत होता, की माल सकाळचा आहे. दुसऱ्या दिवशी बोटीच्या पोटात जुन्या आमिषाची विसरलेली बादली सापडली. खेकडे चांगले होते. वास खरा होता, पण तो मालाचा नव्हता. सायलसकाका दोन वर्षं तिच्याशी बोलला नाही, चर्चमध्येसुद्धा दुसऱ्या बाकावर बसायचा. तेव्हापासून ड्युल्सीनं स्वतःला एक नियम घालून घेतला होता. वास आला की पेटी बाजूला ठेवायची, नमुना काढायचा, तपासायचा, आणि मगच सही करायची.

नवऱ्याला खेकड्याच्या पेटीपेक्षा कमी का द्यावं, असं तिच्या मनात आलं. दया म्हणून नव्हे. आरोप करायचा तर हातात कागद हवा, एवढंच. मंगळवारी सकाळी ती गावच्या दवाखान्यात गेली.

खिडकीत लॉरेटा बसली होती. लॉरेटा हेडलीची थोरली बहीण, म्हणजे ड्युल्सीची नणंद. इतके दिवस दवाखान्याची पायरी न चढण्याचं निम्मं कारण तीच होती.

"काय होतंय?" लॉरेटानं चष्म्यावरून विचारलं.

"बायकांचं आहे काही."

लॉरेटानं तिच्याकडे बघितलं, मग बाकावर बसलेल्या तिघांकडे. "पाठदुखी लिहिते," ती म्हणाली. "या गावात निम्म्या बायका पाठीसाठीच येतात. बस."

डॉक्टर महिन्यातून एकदा येत. बाकी सगळं नर्स थेल्मा पिंट बघायची, औषधंही तीच लिहून द्यायची. साठीची, बारीक, हात नेहमी गरम. तिनं दार लावलं, पडदा ओढला आणि समोर खुर्चीत बसली.

"कधीपासून?"

"एप्रिलपासून."

"आणि आज जून. कारखान्यात पेटी इतके दिवस उन्हात ठेवतेस का गं?"

ड्युल्सीनं कोट काढून खुंटीला लावला.

"खाज? आग? ओटीपोटात दुखतं? ताप? मधेच रक्त?"

"नाही. नुसता वास. आणि पातळ जातं."

"दिवस राहिलेत का?"

"नाही. आत्ताच पाळी होऊन गेली."

"त्यावर काय काय केलंस? खरं सांग. मी तुझी नणंद नाही."

तिनं सांगितलं. फुगा, व्हिनेगर, दोन क्रीम. थेल्मा लिहीत गेली, मधे एकदा तिनं डोळे मिटून उघडले. मग तपासायला घेतलं. आधी बाहेरून बघितलं, मग उपकरण लावून आतून, मग दोन बोटं आत आणि दुसरा हात ओटीपोटावर ठेवून दाबून पाहिलं. दुखतंय? नाही. इथं? नाही. कापसाच्या तीन काड्या वेगवेगळ्या नळ्यांत गेल्या. चौथी तिनं एका पिवळ्या पट्टीवर टेकवली. पट्टी हिरवट झाली. ड्युल्सीनं ती ओळखली, कारखान्यात पाण्याचा आंबटपणा बघायला तसलीच गुंडाळी होती. मग थेल्मानं काचेवर थोडा स्राव पसरला आणि बाटलीतून क्षाराचा एक थेंब त्यावर सोडला.

ड्युल्सीला मान वळवायचीही गरज पडली नाही. "चौथी पायरी," ती छताकडे बघत म्हणाली.

थेल्माला हसू आलं. "चाळीस वर्षांत कुणी पेशंटनं मला हे क्रमांकासकट सांगितलं नव्हतं. ऊठ, कपडे कर."

ड्युल्सी बसती झाली. कागदी चादर मांडीखाली कुरकुरली.

"याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात," थेल्मा हात धूत म्हणाली. "नाव मोठं आहे, प्रकार साधा. आत जंतू असतात, असायलाच हवेत. दह्यातल्या जंतूंच्याच कुळातले. ते आंबटपणा राखतात, आणि त्या आंबटपणात बाकीच्यांचं काही चालत नाही. ते कमी झाले, की एरवी कोपऱ्यात बसलेले दुसरे माजतात. त्यांनी सोडलेल्या पदार्थाचा हा वास. शिळ्या मासळीतही तोच असतो."

"म्हणजे माझं नाक बरोबर होतं."

"नाक बरोबर, हात चुकले. टेबल धुतेस ते त्यावर काही जगू नये म्हणून. इथं कुणी तरी जगायला हवं. तू रोज पाणी मारून राखणदारांनाच घालवून देत होतीस."

"पण व्हिनेगर आंबटच ना?"

"तीन तास. मग? आंबट करणारेच उरले नाहीत, तर पुढं आंबट कोण करणार? जागा जेवढी रिकामी, तेवढी त्या दुसऱ्यांना मोकळी. ती आपली आपण साफ राहते, बाळा. जे जातं ना अंगावरून, तेच तिचं धुणं. बाहेरून पाणी घे, बास."

अजून मूळ प्रश्न विचारायचा होता. तो तिनं भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत विचारला.

"हेडली आला की वाढतं. त्याच रात्री. दोन्ही वेळा."

"वाढणारच. मी आत्ता काचेवर काय टाकलं?"

"क्षार."

"वीर्यही तसंच असतं. थोडं क्षाराच्या अंगाचं."

ड्युल्सीनं तक्त्यावरची नजर काढली. लिंबू पिळलं की वास बसतो, सोडा पडला की उठतो. गुणवत्ता तपासणीच्या वर्गात हे तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, आणि पुढं तिनं ते कित्येक पोरींना शिकवलं होतं. जिच्यावर ती उभी होती ती सगळ्यात भक्कम फळी, तारखांची, ती तिच्या पायाखालून अशी निघाली की आवाजसुद्धा झाला नाही.

"म्हणजे त्यानं काही आणलेलं नाही?"

थेल्मानं हात पुसले. "ते मला या काचेवरून सांगता येत नाही. हे एकाच नवऱ्याबरोबर जन्म काढलेल्या बाईला होतं. नवरा नसलेलीलाही होतं. नवरा-बायकोत जंतूंची देवाणघेवाण होते, तेही खरं. पण कुणी बाहेर काय केलं न् काय नाही, याचा हा पुरावा नव्हे. इकडूनही नाही, तिकडूनही नाही. दुसऱ्या लागणीसाठी नमुने घेतलेत, ते पुढच्या मंगळवारी कळतील. आज मला तरी तसलं काही दिसलं नाही."

"मंगळवारी," ड्युल्सी म्हणाली. "तो परवा येतोय."

"मग परवा तुला जेवढं माहीत असेल, तेवढंच माहीत असेल."

गोळ्या सात दिवसांच्या होत्या, दिवसातून दोनदा. बरं वाटलं तरी पुऱ्या करायच्या, आणि त्या संपेपर्यंत नवऱ्यापासून लांब राहायचं. हे उलटून येऊ शकतं. आलं तर इथं यायचं, दुकानात जायचं नाही. ती क्रीम बुरशीवरची, आणि बुरशी असली की खाज सुटते, फाटलेल्या दुधासारखं जातं, असा वास नसतो.

"क्रीमनं पहिल्यांदा गुण आला नाही ना, तेव्हाच यायचं. दुसरी नळी घ्यायची नाही," थेल्मा म्हणाली.

"आणि आणखी कधी यायचं?" ड्युल्सीनं खिशातून कामाची वही काढली.

"लिहितेस? लिही बाई. ताप आला, ओटीपोटात दुखू लागलं, तर त्याच दिवशी. मधेच किंवा नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त दिसलं, तर त्याच आठवड्यात. हिरवं-पिवळं, फेसाळ गेलं, फोड आले, लघवीला जळजळलं, तरी थांबायचं नाही. पोटुशी बाई असेल, तर साधं वाटलं तरी दाखवायचं. आणि पाळी कायमची गेल्यावर गुलाबी ठिपका जरी दिसला, तरी यायचं. तुझी सासू म्हणत असेल म्हातारपणी होतंच असं, तर तिला धरून आण."

"ती येते होय."

"लॉरेटाला सांग. तिचीही पाठदुखी लिहील."

गुरुवारी दुपारी हेडली विमानतळाच्या दारातून बाहेर आला तेव्हा ड्युल्सीच्या पोटात चौथी गोळी होती आणि तोंडात धातूसारखी कडवट चव. तो उंच, खांद्यात किंचित वाकलेला, बोलायला सावकाश. पिशवी मागं टाकून तो शेजारी बसला. घर दोन तासांवर.

"पाठ कशी आहे?"

तिनं गाडी रस्त्याला लावली. दोन्ही बाजूंनी खुरटी झाडं आणि पाण्याची डबकी मागं जात होती.

"पाठीला काही झालं नव्हतं," ती म्हणाली.

तिनं सगळं सांगितलं. वास, फुगा, चाळीस किलोमीटरवरचं दुकान, थेल्मा. हेडली समोर बघत ऐकत होता. तारखांपाशी ती आली आणि थांबली. इथून पुढचं सांगितलं नसतं तरी चाललं असतं. आजार होता, औषध चालू आहे, संपलं, असं म्हणून गाडी घरी नेता आली असती. पण मग त्या 'बरं'चं काय करायचं, हे तिला कळेना.

"मला वाटलं, तू तिकडून आणलंस," ती म्हणाली. "आज गाडीत तुला विचारणार होते, ती कोण म्हणून."

हेडलीनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"कधीपासून वाटत होतं?"

"तू मेमध्ये गेलास तेव्हापासून. बर्निसनं काही सांगितलं, मग पक्कं झालं."

"बर्निसनं." त्यानं खिडकीची काच थोडी खाली केली. "मी तिकडं खोलीत बसून डोकं फोडून घेत होतो. वाटलं, हिला आता मी नकोय. वीस दिवस नसतो तेच बरं वाटतंय हिला. घराजवळच्या बदलीसाठी विचारलंसुद्धा होतं मी. आणि तू इकडं माझा निकाल लावून मोकळी."

"लावला नव्हता. लावणार होते."

"मोठाच उपकार."

हे तिला मिळणारच होतं. तिनं ते घेतलं. थोडं पुढं गेल्यावर तो म्हणाला, "ते बाकीचे नमुने. त्यांचं काय?"

"मंगळवारी कळेल."

"म्हणजे मंगळवारपर्यंत मी संशयित."

ड्युल्सीनं गाडी कडेला घेतली आणि थांबवली. समोरून एक लाकडांचा ट्रक गेला, गाडी हलली.

"तिकडं कुणी आहे का, हेडली?"

"नाही."

तो तिच्याकडे बघून म्हणाला. तिनं त्याच्या चेहऱ्यावर काही शोधलं नाही. खरं-खोटं हुंगायची सवय तिला होती, पण माणसाच्या 'नाही'ला वास नसतो, आणि थेल्माची काचही इथं उपयोगाची नव्हती. ते घ्यायचं किंवा नाही, एवढंच तिच्या हातात होतं.

"बरं," ती म्हणाली, आणि गाडी सुरू केली.

दोन दिवस तो तिच्याशी कामापुरतं बोलला. सरपण फोडलं, शेडचं दार बसवलं, भावाच्या घरी जाऊन आला. तिनं जेवणाच्या वेळी समोर मासा ठेवला, त्यानं खाल्ला. रविवारी तिनं मुलीच्या खोलीतली आपली उशी उचलली आणि परत जागेवर आणून ठेवली. हेडली पलंगाच्या कडेला मोजे काढत बसला होता.

"मंगळवार आलेला नाही अजून," तो म्हणाला.

"माहितीय मला."

"आणि गोळ्याही संपल्या नाहीत."

"झोपायलाच आलेय. सरक जरा."

तो सरकला.

मंगळवारी अकराच्या सुमारास लॉरेटाचा फोन आला. "पाठीचे रिपोर्ट आले," ती म्हणाली, "थेल्माशी बोल." थेल्मा म्हणाली, बाकी काही नाही, सगळं साफ. ड्युल्सीनं फोन ठेवला. हेडली मागच्या दारी बसून तिच्या कामाच्या बुटांना नवीन नाड्या घालत होता. तिनं त्याला सांगितलं.

"मला माहीत होतं," तो मान वर न करता म्हणाला, तशी तिनंही मान खाली घातली. मग तो म्हणाला, "पुढच्या वेळी काही झालं, तर आधी मला सांगायचं. मग थेल्माला."

ड्युल्सीनं थोडा विचार केला. गोड बोलून सुटता आलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "आधी थेल्माला. मग तुला. पण त्याच दिवशी."

हेडलीनं नाडीची गाठ ओढून बघितली. "त्याच दिवशी," तो म्हणाला, आणि दुसरा बूट घेतला.